घासलेला कलदार आणि काळवंडलेला कलदार : नाण्याची प्रत ठरते कशावरून?

धागाकर्ती : कृष्णाकाठ

नमस्कार. आजोळचे जुने घर रिकामे करताना आजीच्या लाकडी पेटीत लाल फडक्याची एक पुरचुंडी सापडली. तिच्यात चांदीचे ३७ रुपये, म्हणजे जुने कलदार, निघाले. काही राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे) आहेत, काही सातव्या एडवर्डचे आणि बरेचसे पंचम जॉर्जचे. बहुतेक सगळे काळपट पडलेले होते, तर काहींच्या कडेला निळसर-जांभळी झाक होती. माझ्या भाच्याने उत्साहाच्या भरात त्यांतले सहा रुपये दंतमंजन लावून जुन्या ब्रशने घासले. ते इतके लखलखीत दिसू लागले की घरात सगळ्यांनी त्याचे कौतुक केले, आणि त्यात मीही होते.

गेल्या आठवड्यात सगळी नाणी एका विक्रेत्याला दाखवली. विकायची घाई नाही, फक्त अंदाज हवा होता. त्यांनी एकही शब्द न बोलता ती सहा चमकदार नाणी बाजूला सारली आणि काळी ३१ नाणी भिंगाखाली एकेक करून पाहिली. काळ्यांपैकी काहींना त्यांनी चांगला भाव सांगितला. सहा चमकदार नाण्यांना मात्र, "ताई, ही आता मोडीच्या भावाची," असे म्हणून चांदीच्या वजनाइतकीच किंमत दिली. त्या सहांत १८६२ सालचा एक रुपया आहे, आणि त्याच सालाचा तसाच, पण काळा रुपया त्यांनी कौतुकाने पुन्हा पुन्हा पाहिला.

त्यांनी मला फसवले, असे मी म्हणत नाही. परंतु स्वच्छ नाण्याला कमी भाव आणि मळक्याला जास्त, हे गणित मला उलगडलेले नाही. जाणकारांनी सविस्तर सांगावे.

राणीछाप

कृष्णाकाठताई, पहिली विनंती अशी की उरलेल्या ३१ नाण्यांना आता कोणीही काहीही लावू नये. विक्रेत्याने तुम्हाला फसवलेले नाही. मी या छंदात पस्तीस वर्षे आहे आणि मीही त्या सहा नाण्यांना साधारण तोच भाव सांगितला असता.

तुम्ही ज्याला मळ म्हणता तो बहुतेक नाण्यांवर मळ नसतोच. चांदीचा वरचा थर हवेतल्या गंधकाशी संयोग पावून रंग बदलतो, त्याला आम्ही मंडळी टोनिंग म्हणतो. हा रंग धातूतूनच तयार झालेला असतो. त्यामुळे तो काढायचा म्हणजे धातूचा पृष्ठभाग काढणे आले. भांड्याच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही, कारण भांड्याचा पृष्ठभाग कोणी भिंगाने वाचत नाही. नाण्याची प्रतवारी मात्र नेमक्या त्याच पृष्ठभागावर होते.

आज रात्री एक प्रयोग करून पाहा. खोलीतले सगळे दिवे बंद करून टेबलावरचा एकच दिवा लावा. काळ्या नाण्यांपैकी जे सर्वांत कमी झिजलेले वाटते ते कडेने धरा आणि दिव्याखाली हळूहळू कलते करा. काळपटपणाच्या आडूनसुद्धा प्रकाशाचे दोन-चार पट्टे मध्यापासून कडेपर्यंत गाडीच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसले, तर ते टांकसाळीतून आलेले मूळ तेज आहे. नाणे पाडताना ठशाच्या दाबाखाली धातू मध्यापासून कडेकडे वाहतो आणि त्या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर उमटतात. प्रकाश त्या रेषांवर खेळतो. आता भाच्याने घासलेले नाणे तसेच कलते करा. आरे फिरणार नाहीत, सगळे नाणे एकदम चमकेल आणि एकदम विझेल. भिंग घेतलेत तर राणीच्या गालावर आणि मोकळ्या जागेत एकाच दिशेने गेलेल्या, केसासारख्या बारीक समांतर रेघा दिसतील. दंतमंजनातले दगडी पीठ आणि ब्रश यांनी काढलेल्या त्या रेघा आहेत.

आणखी एक खूण आहे. घासणाऱ्याचा हात मोकळ्या जागेत नीट पोचतो, अक्षरांच्या फटीत पोचत नाही. म्हणून अक्षरांभोवती काळी चौकट आणि मधे पांढरे मैदान असे दिसते. नाणी पाहायची सवय असलेल्याला ते हातभरावरून कळते. विक्रेते काही बोलले नाहीत ते त्यामुळेच.

पानशेतचा पाऊस

वाचनखूण साठवली आहे. आमच्याकडे आजोबांनी सगळे रुपये राखेने घासून ठेवले आहेत, त्यामुळे वाचून थोडे पोटात तुटले.

गंधकवाला

मी रसायनशास्त्र शिकवत असे, त्यामुळे राणीछापकाकांनी सांगितलेल्या गोष्टीमागचे थोडे रसायन मांडतो.

ब्रिटिश काळातल्या या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबे असे त्याचे मिश्रण असते. हवेत हायड्रोजन सल्फाइड अत्यल्प प्रमाणात सदैव असतो. तो चांदीशी संयोग पावला की सिल्व्हर सल्फाइडचा थर तयार होतो. सुरुवातीला हा थर फार पातळ, काही दहा नॅनोमीटर इतकाच असतो. तुलनेसाठी सांगायचे तर माणसाचा एक केस साधारण सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. इतक्या पातळ थराच्या वरच्या बाजूवरून आणि खालच्या बाजूवरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि त्यातून रंग दिसतात. रस्त्यावरच्या पाण्यावर तेलाचा तवंग जसा रंगीत दिसतो, तसाच हा प्रकार आहे. थर वाढत जातो तसे रंग ठरावीक क्रमाने येतात. आधी फिकट पिवळा, मग सोनेरी-तपकिरी, मग किरमिजी-जांभळा, मग निळा, आणि थर फार जाड झाला की शेवटी काळा. ताईंच्या नाण्यांच्या कडेला निळी-जांभळी झाक आहे आणि मध्यभाग वेगळा आहे, याचा अर्थ फडक्याच्या घड्यांतून हवा कडेला आधी पोचत राहिली. पुरचुंडीतल्या नाण्यांचे रंग असेच येतात.

आता घासण्याशिवायचे उपाय पाहू. बाजारात चांदी उजळण्याचे द्राव मिळतात. त्यांत बहुधा आम्ल आणि थायोयुरिया असतो. तो सल्फाइडचा थर विरघळवतो आणि ब्रशासारख्या रेघा पाडत नाही. नाणे दोन-चार सेकंद बुडवून भरपूर पाण्याने धुतले, तर पुष्कळदा पांढरे आणि तेजस्वी निघते. म्हणूनच परदेशात अनेक जुनी पांढरी नाणी कधी ना कधी बुडवलेली असूनही प्रतवारीत चालून जातात. अडचण अशी की सल्फाइडमध्ये गुंतलेली चांदी त्या थराबरोबर जाते. थर पातळ असेल तर नुकसान नगण्य असते. थर जाड असेल, किंवा तेच नाणे चार वेळा बुडवले असेल, तर त्या वाहण्याच्या रेषाच विरघळतात. मग नाणे पांढरे असते, पण मेलेले दिसते. रंगाऐवजी त्याच्यावर खडूसारखी कळा येते.

ॲल्युमिनियमचा कागद, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी हा घरगुती प्रयोग पुष्कळांना प्रिय आहे, कारण त्यात सल्फाइडमधली चांदी परत चांदी होते. ती परत होते हे खरे आहे. पण ती जुन्या जागी गुळगुळीत बसत नाही, भुसभुशीत होऊन बसते. चमच्यासाठी हा प्रयोग उत्तम आहे आणि नाण्यासाठी वाईट.

देवघर

मंडळींचा अभ्यास मान्य आहे. तरीही एक शंका मांडतो. आमच्या घरात शंभर वर्षे लक्ष्मीपूजनाला राणीछाप रुपयांना पंचामृताने न्हाऊ घालतात, त्याआधी चिंचेने उजळतात आणि नंतर हळद-कुंकू लावतात. काळवंडलेला रुपया लक्ष्मीपुढे ठेवणे आमच्या आजीला चाललेच नसते. हे सगळे नाण्यांचा नाश करणारे होते असे म्हणायचे, तर तो नाश कोणाच्या दृष्टीने? नाण्याला प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून त्याच्यावर आकडा चिकटवायची रीत अमेरिकेतली. तिथल्या चष्म्यातून आपल्या घरातली लक्ष्मी बघायची, हे मला थोडे खटकते.

राणीछाप

देवघर, तुमचा मुद्दा अगदी योग्य आहे आणि मी त्याच्या विरोधात नाही. माझ्या घरचेही पूजेतले पाच रुपये मी कधी भिंगाखाली नेलेले नाहीत. पूजेच्या नाण्याला प्रत नसते. पण ताईंचा प्रश्न भावाचा आहे, आणि भाव हा संग्राहक देतो.

आकड्यांबद्दल म्हणाल, तर १ ते ७० ही मोजपट्टी विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडली. ती होती अमेरिकेच्या सुरुवातीच्या तांब्याच्या सेंटांसाठी आणि मुळात तिचा हेतू किंमत काढण्याचा होता. सर्वांत झिजलेल्या नाण्याला एक डॉलर धरला, तर निर्दोष नाण्याला त्याच्या सत्तर पट, असा तो साधा हिशेब होता. किमती पुढे बदलल्या, हिशेब कोलमडला, पण आकडे टिकले. आज ६० आणि त्यापुढचे आकडे वापरात न आलेल्या (यूएनसी) नाण्याला देतात. ५० ते ५८ म्हणजे जेमतेम हाताळलेले (एयू), ४० आणि ४५ म्हणजे एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन, थोडे झिजलेले), २० ते ३५ म्हणजे व्हीएफ (व्हेरी फाइन, त्याहून जास्त झिजलेले). आपल्याकडच्या प्रदर्शनांत विक्रेते अजून आकडे सोडून एफ (फाइन), व्हीएफ, एक्सएफ, एयू, यूएनसी एवढेच म्हणतात, आणि माझ्या मते राणीछाप रुपयांसाठी ते पुरेसे आहे.

पण चष्मा अमेरिकी असला तरी त्यातून दिसणारी गोष्ट अमेरिकी नाही. आपले सराफ हे फार आधीपासून जाणत होते. पेशवाईतले रुपये पाहा, त्यांच्यावर सराफांनी परखून मारलेले बारीक ठसे असतात. नाणे घासून किंवा कातरून चांदी काढणारे लोक तेव्हाही होते आणि घासलेल्या नाण्यावर बट्टा, म्हणजे किमतीत कपात, बसत असे. "बट्टा लागणे" हा शब्दप्रयोग तिथूनच आपल्या रोजच्या बोलण्यात आला आहे. तेव्हा बट्टा वजनाला लागायचा, आता पृष्ठभागाला लागतो, एवढाच फरक.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, कारण नवीन संग्राहक इथेच घसरतात. झीज आणि सफाई हे दोन वेगवेगळे दोष आहेत. झीज नाण्याला प्रतीच्या शिडीवर खाली नेते, पण शिडीवरच ठेवते. बाजारात चाळीस वर्षे फिरलेला व्हीएफ रुपया हे एक प्रामाणिक व्हीएफ नाणे असते. त्याच्या उंच भागांवर करडी चकाकी, खोलगट भागांत गडद रंग, असा त्याचा एक सहज चेहरा असतो. घासलेले नाणे शिडीवरूनच उतरते. म्हणून जर कोणी तुम्हाला राणीच्या केसांची बारकाई पुसली गेलेला, पण आरशासारखा पांढरा रुपया "एकदम फ्रेश" म्हणून दाखवला, तर तो घेऊ नका. एवढी झीज झालेले नाणे एवढे पांढरे राहणे निसर्गात होत नाही.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत असतो आणि इथल्या लिलावांतून ब्रिटिश भारताची नाणी घेतो. प्रतवारी करणाऱ्या इथल्या दोन मोठ्या संस्था म्हणजे पीसीजीएस आणि एनजीसी. पहिली १९८६ मध्ये सुरू झाली आणि दुसरी १९८७ मध्ये. नाणे सफाईचे निघाले तर आकडा मिळत नाही. डबीवर "यूएनसी डिटेल्स, क्लीन्ड" अशा अर्थाचा शेरा येतो. म्हणजे बारकाई वापरात न आलेल्या नाण्याइतकी शिल्लक आहे, पण पृष्ठभाग गेला. पीसीजीएसकडे यासाठी क्रमांकही आहेत. ९२ म्हणजे सफाई, ९१ म्हणजे रंग शंकास्पद, ९७ म्हणजे हवा-पाण्याने झालेले नुकसान.

माझ्याकडे १८६२ चा असा एक रुपया आहे. लिलावाच्या छायाचित्रात तो नितांत सुंदर दिसत होता, मंद राखाडी आणि कडेला सोनेरी. हातात आल्यावर दिव्याखाली धरला तेव्हा राखाडी रंगाच्या खाली उभ्या रेघांची जाळी दिसली. कोणीतरी तो कित्येक वर्षांपूर्वी फडक्याने पुसला होता आणि नंतर त्याच्यावर पुन्हा रंग चढला होता. संस्थेने शेरा दिलाच. छायाचित्र वरून सरळ प्रकाश टाकून काढलेले असेल तर रेघा दिसत नाहीत. तेव्हा ऑनलाइन घेताना नाणे कलते करून घेतलेली चित्रफीत मागावी, हे मी पैसे मोजून शिकलो.

भारतातून नाणी इकडे पाठवावीत का, असे मला काही जण व्यक्तिगत संदेशातून विचारतात, म्हणून इथेच सांगतो. पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी पुराणवस्तू ठरतात आणि त्यांची खाजगी निर्यात करता येत नाही. राणीछाप आणि एडवर्डचे सगळे रुपये त्यात आले, आणि पंचम जॉर्जचेही बरेच आले. "फक्त डबीत घालून परत आणायचे आहे" हे कारण चालत नाही.

शिवराईवेडा

चांदीवर भरपूर लिहून झाले, तांब्यावर कोणी बोलत नाही, म्हणून मी घुसतो. तांब्याच्या बाबतीत वर सांगितलेले सगळे दुप्पट लागू होते, कारण तांबे चांदीपेक्षा फार लवकर प्रतिक्रिया देते.

टांकसाळीतून आलेला पाव आणा लालबुंद असतो. मग हळूहळू लाल-तपकिरी होतो आणि शेवटी चॉकलेटी. प्रतवारीत या तीन अवस्था वेगळ्या नोंदवतात आणि लाल नाण्याला जास्त भाव मिळतो. म्हणून लोकांना मोह होतो की तपकिरी नाणे चिंचेत टाकून लाल करावे. चिंचेतून निघालेले तांबे लाल नसते, गुलाबी असते. नवीन सोललेल्या गाजरासारखा तो रंग एकदा पाहिला की विसरत नाही.

शिवराईचे, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याचे, प्रकरण आणखी वेगळे आहे. एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" ही अक्षरे हाताने घाव घालून उमटवलेली. ठसा अनेकदा तुकड्यापेक्षा मोठा असल्याने सगळी अक्षरे सहसा एका नाण्यावर मावत नाहीत. तिथे टांकसाळीचे तेज वगैरे शोधूच नये. शिवराईची प्रत ठरते ती अक्षरे किती आली आहेत, ती किती उठून दिसतात आणि वरचा हिरवा-काळा कवच-थर किती अखंड आहे यांवर. हा थर घट्ट, गुळगुळीत आणि चकचकीत असेल तर तो नाण्याला राखतो. खोलगट भागात तो गडद आणि अक्षरांवर फिकट असल्यामुळेच अक्षरे वाचता येतात. मी पहिली शिवराई घेतली तेव्हा कॉलेजात होतो. घरी आणून लिंबू-मिठाने धुतली. सकाळी वाटीत जे होते त्यावर "राजा" शब्दातला "जा" उरला होता, बाकी सगळे खडबडीत गुलाबी पठार. मीठ घातले होते हे विशेष, कारण मिठातल्या क्लोराइडइतका तांब्याचा वैरी दुसरा नाही.

आणि म्हणूनच एक अपवादही सांगतो. फिकट हिरवी, भुकटीसारखी पूड नाण्यावर ठिपक्याठिपक्याने आली असेल, ती काडीने सहज निघत असेल आणि पावसाळी हवेत चार-आठ दिवसांत पुन्हा येत असेल, तर ते टोनिंग नव्हे. त्याला ब्राँझ डिसीज म्हणतात. धातूत शिरलेले क्लोराइड दमट हवेत आम्ल तयार करते, ते आम्ल आणखी तांबे खाते, आणि हे चक्र थांबत नाही. कोकण किनाऱ्यावरच्या घरांत मी हे पुष्कळ पाहिले आहे. तिथे "हात लावू नका" हा सल्ला पाळला तर नाणे भोक पडेपर्यंत जाते. असे नाणे वेगळे करून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात कोरडे ठेवावे आणि जाणत्याला दाखवावे.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दिवा बंद करून प्रयोग केला. एका एडवर्डच्या रुपयावर आरे फिरताना दिसले आणि भाचा अक्षरशः ओरडला. मग त्याने स्वतःच घासलेले नाणे धरून पाहिले आणि गप्प बसला.

आता दोन शंका आहेत. पंचम जॉर्जच्या १९११ च्या एका रुपयावर वाळलेले हळद-कुंकू आणि बहुधा तूप किंवा मध यांचा जाड थर आहे. तो तसाच ठेवायचा का? दुसरे म्हणजे, मामांनी काही नाणी प्लॅस्टिकच्या कप्प्यांच्या अल्बममध्ये घातली होती. त्यांवर हिरवट, चिकट, पातळ काहीतरी आले आहे.

राणीछाप

१९११! तो अगदी जपून ठेवा. राजाच्या झग्यावरच्या हाराच्या नक्षीत एक लहानसा हत्ती आहे, त्याची सोंड इतकी आखूड उमटली की लोकांना तो डुक्कर वाटला. गवगवा झाला, नाणी मागे घेतली गेली आणि १९१२ पासून हत्ती दुरुस्त झाला. तो हत्ती ज्वारीच्या दाण्याहून लहान आहे. त्याच्यावरून ब्रशाचे चार हात फिरले की सोंडच काय, हत्तीही ओळखू येणार नाही. बाकी गंधकवाले सर सांगतील.

गंधकवाला

हळद, तूप, मध आणि प्लॅस्टिकची चिकट घाण या परक्या वस्तू आहेत. त्या नाण्याच्या धातूतून तयार झालेल्या नाहीत, म्हणून त्या धातूला न दुखावता काढता येतात, आणि काढाव्यातही. प्लॅस्टिकची घाण तर तातडीने काढावी. मऊ पीव्हीसीमधून सुटणारे तेलकट द्रव्य आणि आम्ल धातू खात राहते. उशीर झाला तर खाली खड्डे उरतात.

मध आणि साखर पाण्यात विरघळतात, तूप आणि हळदीचा रंग विरघळत नाहीत. म्हणून नाणे आधी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात एक-दोन दिवस ठेवा आणि पाणी बदलत राहा. नळाचे पाणी नको, त्यात क्लोरीन असते. मग नाणे कोरडे करून शुद्ध ॲसिटोनमध्ये ठेवा. नेलपॉलिश काढायचे द्रव चालणार नाही, त्यात तेल आणि सुगंध मिसळलेला असतो. भांडे काचेचे घ्या. चहाच्या प्लॅस्टिकच्या पेल्यात ओतलेत तर पेलाच विरघळून नाण्यावर बसेल. ॲसिटोन भडकन पेट घेते, त्यामुळे गॅस आणि देवघरातली समई या दोन्हींपासून दूर, खिडकी उघडी ठेवून हे करावे. ॲसिटोन चांदीला किंवा तिच्या रंगाला काहीही करत नाही, त्यामुळे वेळ जास्त झाला म्हणून घाबरू नका. शेवटी ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा बुडवून नाणे कडेने धरून हवेत वाळू द्या. पुसायचे नाही, अगदी मऊ फडक्यानेही नाही.

कुंकवाचा कण राहिला तर राहू द्या, तो खरवडू नका.

पानशेतचा पाऊस

विषयांतर होत असेल तर क्षमस्व. इंद्रधनुषी रंगाचे रुपये हल्ली चढ्या भावाने विकले जातात. ते सगळे खरे असतात का?

राणीछाप

विषयांतर मुळीच नाही, उलट हा याच प्रश्नाचा उलटा भाग आहे. सुंदर नैसर्गिक रंगाला जादा भाव मिळतो, एनजीसी तर डोळ्यांत भरणाऱ्या नाण्याला आकड्याशेजारी एक तारा देते. भाव आहे म्हटल्यावर नकली आलेच. गंधकयुक्त रसायनाची वाफ देऊन किंवा उष्णता देऊन दोन तासांत रंग चढवता येतात.

ओळखायचे कसे, तर गंधकवाले सरांनी दिलेला रंगांचा क्रम लक्षात ठेवा. वर्षानुवर्षे चढलेला रंग एका छटेतून दुसरीत त्याच क्रमाने हळूच सरकतो, पिवळ्याला सोनेरी, सोनेरीला किरमिजी, त्याला निळा. घाईने चढवलेल्या रंगात क्रम तुटतो. पांढऱ्याला लागून एकदम गर्द निळा येतो आणि त्यात मोराच्या मानेचा भडक हिरवा मिसळलेला असतो. दुसरे, खऱ्या रंगाच्या खालून तेजाचे आरे फिरतात. नकली रंग बहुधा घासलेले नाणे लपवायला चढवतात, म्हणून तो मेलेल्या पृष्ठभागावर बसलेला असतो. तिसरे, एखाद्या ओरखड्याच्या आतसुद्धा तोच रंग तितकाच गडद असेल, तर रंग ओरखड्यानंतर आला. एवढ्याने तो नकलीच ठरत नाही, हे मी मुद्दाम सांगतो. हडसनकाठ यांच्या रुपयासारखे नैसर्गिक दुसरे टोनिंगही असते. या बाबतीत दोन जाणकारांत मतभेद होतात, आणि एकाच जाणकाराचेही सकाळी आणि संध्याकाळी होतात. मी स्वतः इंद्रधनुषी रुपयाला जादा पैसे देत नाही. तो माझा हट्ट समजा.

देवघर

सरांनी समईपासून दूर म्हटले, हे बरे केले. मी विचारणार होतोच.

कृष्णाकाठ

दहा दिवसांनी कळवते आहे. १९११ चा रुपया तीन दिवस पाण्यात ठेवला, पाणी दोनदा गढूळ झाले. मग ॲसिटोनमध्ये घातला आणि पाचच मिनिटांत काचेच्या वाटीतले द्रव हळदीच्या दुधासारखे पिवळे झाले. थर सुटल्यावर राजाच्या खांद्याजवळ करंगळीच्या बोटाएवढा फिकट ठसा राहिला आहे. बाकी नाणे करडे, पण जिथे हळद होती तिथे चांदी जवळजवळ पांढरी. कोणाचे बोट होते ते सांगता येत नाही, आजीचे असावे. भिंगातून हत्ती दिसला, आणि तो खरोखर डुकरासारखाच दिसतो. दिव्याखाली आरे अंधुक का होईना, फिरतात.

अल्बममधल्या चार नाण्यांपैकी तीन स्वच्छ निघाली. चौथ्याच्या कडेला बारीक खड्डे आहेत, तिथे उशीर झाला.

भाच्याचा एक प्रश्न आहे. घासलेले सहा रुपये पुन्हा पुरचुंडीत ठेवले तर ते आपोआप काळे होतील ना, आणि मग भाव परत येईल का?

राणीछाप

१९११ वरचा फिकट ठसा काढायच्या किंवा रंग सारखा करायच्या भानगडीत पडू नका. छायाचित्रावरून प्रत सांगणे धोक्याचे, तरी एयूच्या आसपास असावा. ठशामुळे दिसायला थोडा उणा, पण पृष्ठभाग मूळचा आहे.

भाच्याला सांगा, होतील. आपल्या हवेत काही वर्षांत नक्की काळे होतील. रेघा मात्र रंगाच्या खाली तशाच राहतील आणि दिव्याखाली धरल्या की दिसतील. आणि पुरचुंडी बांधताना रबर लावू नका. रबरात गंधक असतो. माझ्याकडे एक एडवर्डचा रुपया आहे, त्याच्या तोंडावरून आडवा काळा पट्टा गेला आहे, चोराने डोळे बांधावेत तसा.

कृष्णाकाठ

रबर आजच काढून टाकला. ३१ नाणी वेगवेगळ्या कडक, पीव्हीसी नसलेल्या डब्यांत घातली. सहा घासलेली देवघरात ठेवली आहेत, आणि त्यांना चिंच लावायची की नाही ते दिवाळीला आई ठरवेल.